रात्री नऊला मशीन बंद

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार, हे आमच्या गल्लीत आता बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या बायका मनापासून चौकशी करतात त्या विचारतात, "आता बरं आहे ना गं?" त्यात माया असते, म्हणून मी "हो" म्हणते आणि थांबते. खरं उत्तर मोठं आहे. आजार उतरला तेव्हाच मी बरी झाले असं घरच्यांना वाटलं, केसपेपरवरही तसंच लिहिलं गेलं. पण चार माणसांत बसणं, दारावर आलेल्याशी नीट बोलणं, सांगितलेल्या दिवशी काम हातात देणं, हे त्यानंतर खूप उशिरा परत आलं, आणि आपोआप आलं नाही. मला लिहायचंय ते ह्या उशिराबद्दल.

मी सांगलीत ब्लाऊज शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान. दोन मशिनी, एक ओव्हरलॉक, कापायचं टेबल, अस्तराचे तागे आणि हाताखाली शिकणारी एक मुलगी. त्याआधी मी एका पतसंस्थेत क्लार्क होते. बी.कॉम. झाल्यावर लागलेली ती नोकरी आजाराच्या पहिल्या मोठ्या झटक्यात, म्हणजे एपिसोडमध्ये गेली. तेव्हा झोप तासा-दोन तासांवर आली होती आणि तरी दमल्यासारखं वाटत नव्हतं. रात्री दोनला चुलतसासऱ्यांना उठवून मी त्यांना सोसायटीची निवडणूक कशी जिंकायची ते फोनवर समजावत होते. उधारीवर साड्या आणून गल्लीत वाटल्या होत्या. त्याबद्दल ह्यापेक्षा जास्त लिहीत नाही, कारण उन्मादाच्या गोष्टी लोक एकमेकांना सांगतातच. मागून आलेल्या नैराश्याची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यात काही घडतच नाही. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

आणि आयुष्यातला जास्त वेळ तेच खातं. बायपोलर-1, म्हणजे पूर्ण उन्माद येणारा प्रकार, असलेल्या 146 जणांना अमेरिकेत सरासरी बारा वर्षांहून जास्त काळ, आठवड्या-आठवड्याचा हिशोब ठेवत, पाहिलं गेलं. 2002 मध्ये तो अभ्यास छापून आला. जवळजवळ निम्मे आठवडे ह्या लोकांना काही ना काही लक्षणं होती, आणि त्यांत नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून जास्त भरले. आमच्या गल्लीला माझा साड्या वाटण्याचा आठवडा आठवतो. त्यानंतरचा पावसाळा, दिवाळी, संक्रांत मी कशी काढली, ते फक्त माझ्या घरच्यांना माहीत.

गोळ्या लागू पडल्या, झोप बसली, रडू थांबलं. डॉक्टर म्हणाले, लक्षणं गेली. घरात साखर वाटावी असं वातावरण होतं. आणि मला भाजीवाल्याने "काय देऊ ताई?" विचारलं की उत्तर सुचत नव्हतं. वांगी घ्यायची की दोडका, हे ठरेपर्यंत मागच्या बाईची पिशवी भरून झालेली असायची. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. तो वाजून थांबला की मग कोणाचा होता म्हणून काळजी, आणि उलट फोन करायचं बळ नाही. बारशाला गेले तर पाळण्याभोवतीच्या बायकांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्या पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या. मी हसायची ते सगळे हसून झाल्यावर. दुःख म्हणावं असं तेव्हा मनात काहीच नव्हतं. कोणाला सांगावं तर काय सांगावं? सांगितलंच तर उत्तर ठरलेलं: "मन घट्ट कर. इच्छाशक्ती वाढव."

आमच्या डॉक्टरांकडे एक समुपदेशक मॅडम बसतात. त्यांनी एके दिवशी एक प्रश्नावली पुढे ठेवली. बार्सिलोनाच्या संशोधकांनी 2007 मध्ये ती प्रसिद्ध केली, नाव 'फास्ट', प्रश्न 24. "उदास वाटतं का?" असला प्रश्न तिच्यात नाही. घर चालवता येतं का, एकटीने राहता येतं का, काम वेळेत होतं का, नवी गोष्ट शिकता येते का, नाव-पत्ते लक्षात राहतात का, पैसे जपून खर्च होतात का, मैत्रिणी टिकून आहेत का, स्वतःचं म्हणणं मांडता येतं का, आवडीचं काही करता का. प्रत्येकाला 0 ते 3, आणि आकडा जितका मोठा तितकी अडचण मोठी. मी उत्तरं देत गेले आणि मॅडमनी बेरीज केली. ती वाईट होती, पण मला हायसं वाटलं. वांगी-दोडक्याची माझी अडचण दूर देशातल्या कोणाला तरी इतकी खरी वाटली होती की त्यांनी तिचा प्रश्न करून छापला होता.

मग त्यांनी मला एक जुना अभ्यास समजावून सांगितला. अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये उन्मादामुळे पहिल्यांदाच दाखल झालेल्या 166 जणांना मॉरिसियो टोहेन ह्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं पाहिलं, आणि 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. दोन वर्षांत 98 टक्के लोक त्या एपिसोडमधून बाहेर पडले होते. आजाराआधी जसं काम करत होते, जसे राहत होते, तिथपर्यंत परत पोचलेले मात्र 43 टक्केच. त्या दोन आकड्यांच्या मधे जी माणसं आहेत, त्यांतली मी एक होते. त्या सगळ्यांची इच्छाशक्ती एकदम कमी पडली असेल, ह्यावर माझा विश्वास नाही.

माझा अनुभव असा की माणसांतलं वावरणं परत येतं ते व्यवस्थेमुळे. वेळा, वह्या, पाट्या, कोणी काय बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं ह्याचे ठराव. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही मोठं दिसणार नाही. पण माझं रोजचं जगणं त्याच्यावर उभं आहे, आणि ते कसं, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

फोनपासून सुरुवात झाली. दारावर पाटी लावली: फोन सकाळी अकरा ते एक, संध्याकाळी पाच ते सात. त्या वेळात प्रत्येक फोन घ्यायचा, एरवी एकही नाही. वेळ ठरली तसं धस्स होणं कमी झालं, कारण फोन आता कधीही अंगावर येत नव्हता. गिऱ्हाईक तुटेल अशी ह्यांना भीती होती. तसं झालं नाही. बायकांना आपल्या वेळेला माणूस सापडलं की पुरतं.

दुसरी मापवही. प्रत्येक शिवणाऱ्या बाईकडे असते. एका पानाला एक गिऱ्हाईक: उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. माझ्या वहीत मापांखाली आणखी दोन-तीन ओळी असतात. "धाकटी दहावीला." "सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन." "डाव्या खांद्याला दुखतं, हात वर करायला सांगू नये." बायपोलरमध्ये आजार शांत असतानाही स्मरण आणि लक्ष थोडं मागे पडलेलं राहू शकतं, ही गोष्ट आता डॉक्टर मान्य करतात. माझं राहिलंच आहे. बाई दारात दिसली की मी वही उघडते, माप बघण्याच्या निमित्ताने खालच्या ओळी वाचते आणि विचारते, "मामंजींचा डोळा कसा आहे?" आधी हे मला खोटं वाटायचं. आता वाटत नाही. मला तिची विचारपूस करायची असतेच, मधला दुवा तेवढा निसटलेला असतो, आणि वही तो जोडून देते. बोलायला पहिलं वाक्य मिळालं की पुढचं येतं.

तारखा द्यायला मी कॅलेंडरवर शिकले. रोजच्या चौकोनात किती ब्लाऊज बसतात ते ठरलेलं आहे. साधा असेल तर वेगळं, अस्तराचा प्रिन्सेस कट असेल तर वेगळं. चौकोन भरला की पुढची तारीख. समोरची बाई कितीही गोड बोलली तरी चौकोन वाढत नाही. उन्मादाकडे कललेली असते तेव्हा मला सगळं जमेल असं वाटतं, नैराश्याकडे असते तेव्हा काहीच जमणार नाही असं. चौकोन दोन्ही वेळेला तेवढाच राहतो.

लग्नसराई हा माझा सगळ्यात कठीण काळ. तुळशीचं लग्न झालं की जे सुरू होतं ते पौषात जरा थांबतं आणि मग मे-जूनपर्यंत चालतं. आमच्या धंद्यात रात्री जागून कपडे पूर्ण करणं हे कौतुकाचं समजतात. माझ्यासाठी ते विष आहे. झोप मोडणं हे उन्मादाचं लक्षण आहेच, पण कारणही आहे. एक-दोन रात्री मोडल्या तरी काही जणांची गाडी घसरते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलेन फ्रँक ह्यांनी ह्यावरच एक उपचारपद्धत उभी केली. दिवसाच्या ठरावीक गोष्टी ठरावीक वेळी झाल्या की शरीरातलं घड्याळ सांभाळलं जातं, असा तिचा पाया. त्यांच्या नोंदवहीत पाच गोष्टींच्या वेळा लिहायच्या असतात: अंथरुणातून उठलो कधी, दिवसातलं पहिलं माणूस भेटलं कधी, कामाला लागलो कधी, रात्री जेवलो कधी, झोपायला गेलो कधी. ह्यातली दुसरी मला फार शहाणपणाची वाटते. पहिलं माणूस भेटणं हीसुद्धा दिवसाची एक वेळ आहे, ती हुकली तर दिवस हुकतो. माझं पहिलं माणूस म्हणजे दूधवाला. सहा वाजता मी पातेलं घेऊन स्वतः दारात जाते. पिशवी दाराला अडकवून ठेव, असं मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

आणि रात्री नऊला मशीन बंद. उद्या हळद आहे, परवा अक्षता आहेत, काहीही असो. एकदा एका नवरीची आई साडेआठला दोन ब्लाऊज घेऊन आली, रडकुंडीला आलेली. मी काही बोलायच्या आधीच माझ्याकडची मुलगी म्हणाली, "काकू, ताईंचं मशीन नऊला बंद होतं. एकाच्या बाह्या उसवून देते, दुसरा सकाळी सहाला घ्यायला या." त्या बाई सकाळी सहाला आल्या. मुलीने कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही, बँकेची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला त्या पोरीचा फार अभिमान आहे.

लिथियम ही मनाचे चढ-उतार आवरणारी माझी गोळी. ती घेणाऱ्या माणसाच्या हाताला बारीक कंप असतो, निदान माझ्या आहे. ब्लाऊज शिवणारीला तो फार जाणवतो. सुईत दोरा ओवायला मी पातळ तारेचं ओवणं वापरते, हुक आणि काजं मुलगी करते. पण मला खरा त्रास मशीनवर नव्हता, लोकांसमोर होता. हळदीकुंकवाला गेले की कपबशी हातात यायची आणि बशीत कप वाजायचा. तो आवाज सगळ्यांना ऐकू जातोय असं वाटून मी संक्रांतीची बोलावणी टाळायला लागले होते. आता जिथे जाते तिथे आधीच सांगते, "मला पेल्यात द्या हं, अर्धाच." स्टीलचा पेला वाजत नाही. एवढ्याशा मागणीमुळे मी आज आठ-दहा घरी वाण लुटायला जाते आणि माझ्याकडेही बायका येतात.

गोळीचा आणि आपल्या रीतिभातींचा संबंध डॉक्टर नेहमी सांगतातच असं नाही, म्हणून थोडं सांगते. लिथियमचं रक्तातलं प्रमाण मोजावं लागतं. शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं, शिवाय थायरॉइड आणि किडनीच्याही तपासण्या अधूनमधून. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की हे प्रमाण वाढतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत घामाच्या धारा लागतात, तेव्हा पाण्याची बाटली माझ्या मशीनशेजारी असते. मीठ सोडून करायचे उपास बंद, हरतालिकेचा निर्जळी उपासही बंद. हे सासूबाईंना कसं सांगावं ह्याचं मला दडपण होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पार्वतीला पाणी पिणारी बाई चालते. तू पी." दुसरी गोष्ट पाठदुखीची. शिवणाऱ्या प्रत्येक बाईची मान आणि कंबर धरते, आणि मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी आणून घेणं हे आमच्यात सर्रास आहे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही लिथियमचं प्रमाण चढतं. मी विचारल्याशिवाय एकही घेत नाही. गरम पाण्याची पिशवी आणि दर तासाला उठून अंगणात चार फेऱ्या, ह्यावर भागवते.

आता घराबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागला.

आजारानंतर घरचे मला जपायला लागले. जपता जपता ते पहारा द्यायला लागले. मी जरा मोठ्याने हसले की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबायची. नवी चादर आणली की नवरा किंमत विचारायचा. कशावरून तरी वाद झाला, अगदी आमच्या लेकीला कुठल्या क्लासला घालायचं ह्यावरून, आणि मी हट्टाने बोलले, की प्रश्न यायचा, "गोळी घेतलीस का?" त्या प्रश्नानंतर माझं म्हणणं बरोबर की चूक हे बघायला कोणी शिल्लक राहायचं नाही. ज्या बाईचा रागही आजार ठरतो आणि आनंदही, ती हळूहळू गप्प होते, आणि ती गप्प झाली की घरच्यांना वाटतं नैराश्य आलं. ज्या घरात आजारी माणसावर सतत टीका होते, राग निघतो, किंवा त्याच्या प्रत्येक श्वासात घरचे गुंतलेले असतात, तिथे आजार उलटण्याची शक्यता जास्त असते, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ ह्यांनी 1980 च्या दशकापासून केलेल्या कामातून पुढे आलं आहे. त्यांची उपचारपद्धत म्हणूनच सगळ्या कुटुंबाला समोर बसवते.

आम्हीही बसलो, मॅडमसमोर, मी, नवरा, सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई. ठराव झाला. माझ्या चढणीच्या तीन खुणा कागदावर उतरल्या: सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप, एकाच दिवशी उधारीवर दोन खरेद्या, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देता बोलणं. उतरणीच्याही तीन: सकाळी दूध घ्यायला न उठणं, अंघोळ टाळणं, फोनच्या वेळेत फोन न घेणं. ह्या सहांपैकी काही दिसलं तर बोलायचा हक्क फक्त जाऊबाईंना. बाकीच्यांनी त्यांना सांगायचं, मला नाही. मुलीला ह्यातून पूर्ण बाहेर ठेवायचं, तिने आईची राखण करायची नाही. आणि ह्या सहांव्यतिरिक्त मी हसले, चिडले, रडले, तर ते माझं.

जाऊबाईंचीच निवड का? त्या घाबरत नाहीत. एकदा त्यांनी मला चहाला बोलावलं आणि म्हणाल्या, "काल आणि परवा तुझा दिवा रात्री अडीचपर्यंत चालू होता. उद्या मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे, येताना गणपतीला जाऊ." त्यांनी विचारलं नाही, दटावलंही नाही. आम्ही गेलो, डोस बदलला, ती चढण तिथेच थांबली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजारी व्यक्तीला आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो, आणि पुढे एपिसोड आला तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. माझ्या कागदावर प्रतिनिधी म्हणून जाऊबाईंचं नाव आहे. नवऱ्याला आधी वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही माझ्यावर फार प्रेम करता, तुम्हाला सही करताना हात कापेल." ते समजले.

पैशाचा ठरावही त्याच कागदावर आहे. दुकानाचं खातं माझं, व्यवहार माझा. एका ठरावीक रकमेवरची खरेदी असेल तर मधे दोन रात्री जाऊ द्यायच्या, मग घ्यायची. परवानगी कोणाची लागत नाही, फक्त दोन रात्री. नवीन ओव्हरलॉक मशीन मी तशीच घेतली, आणि तिसऱ्या सकाळीही ती मला हवीच होती.

2019 च्या ऑगस्टमध्ये ह्या सगळ्याची परीक्षा झाली. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या पुढे गेलं. आमच्या खोलीत पाणी यायच्या आधी आम्ही मशिनी माळ्यावर चढवल्या आणि जाऊबाईंच्या माहेरी विट्याकडे गेलो. एका घरात तीन कुटुंबं, पोरंटोरं, रात्रभर मोबाइलवर पुराचे व्हिडिओ, कोणी ना कोणी जागं. झोप मोडायला आणि डोकं चढायला ह्याहून योग्य जागा नाही. माझ्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ब्लाऊजच्या आत होत्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, त्यामुळे तिथल्या मेडिकलमध्ये पुढची पट्टी मिळाली. जाऊबाईंनी घरच्यांना सांगितलं, हिला माजघरातली भिंतीकडची जागा, दहाला तिथला दिवा बंद, व्हिडिओ ओसरीवर बघा. कारण विचारणाऱ्याला "तिला लागतं तसं" एवढंच उत्तर. सकाळी सहाला उठून मी त्या घरच्या दूधवाल्याकडून दूध घ्यायची. नंतर सगळ्यांसाठी तांदूळ निवडायची. मशीन नव्हतं, पण कामाला लागण्याची वेळ होती. रात्री पाण्याची पातळी सांगणारे फोन आले तरी मला उठवायचं नाही, असंही ठरलं होतं.

त्या पुरात मी आजारी पडले नाही. घरी परत आल्यावर चिखल उपसताना मला त्याचं नवल वाटलं. गल्लीत बायका म्हणाल्या, "केवढी धीराची आहेस!" मी दूधवाल्याचा, भिंतीकडच्या जागेचा आणि बंद दिव्याचा विचार करत होते.

सगळी माणसं अशी भेटली नाहीत. साड्यांचा तो जुना प्रकार कळल्यावर काही गिऱ्हाइकांनी कापड परत नेलं. एकीने मुलाला माझ्या दुकानात पाठवणं बंद केलं. मी त्यांच्यावर राग धरत नाही, पण ते लागलं होतं आणि अजून आठवलं की लागतं. त्याच काळात एक निवृत्त शिक्षिका, माझ्या जुन्या गिऱ्हाईक, दर महिन्याला एक साधं ब्लाऊज टाकायला यायच्या. मला एक बाही लावायला दोन दिवस लागत होते तेव्हाही. "वेळ लागू दे, पण गळा तूच काप," म्हणायच्या. कोणीतरी माझ्याकडून कामाची अपेक्षा ठेवून होतं, ह्याचा मला गोळीइतका उपयोग झाला असं मी म्हणेन, आणि मी गोळीला कमी लेखणारी नाही.

बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या साधारण 70 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नसल्याचं दिसलं. म्हणजे आपल्या ओळखीतही असं कोणीतरी असू शकतं, ज्याला घरचे तापट, उधळ्या किंवा आळशी म्हणत असतील. टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथूनही करता येते.

शेवटी, इचलकरंजीहून एका बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. त्यांच्या वहिनीला बायपोलर आहे, आता कुठे सावरल्या आहेत, आणि घरात मुलीचं लग्न आहे. वहिनींना लांब ठेवावं की सगळ्यात घ्यावं?

घ्या. पण काम नेमून द्या, आणि दिवसाचं द्या. रुखवत मांडणं, आहेराची यादी लिहिणं, पाहुण्यांच्या चहा-पोह्यांचा हिशोब. "तुम्ही फक्त बसा" असं म्हणू नका, कार्यात रिकामं बसलेल्या बाईकडे सगळे टक लावून बघतात. मेंदीच्या रात्री गाण्यांच्या आवाजापासून दूर एक खोली त्यांच्यासाठी ठेवा, आणि साडेनऊला दुसऱ्या कोणीतरी त्यांच्याबरोबर उठावं, म्हणजे भरल्या मैफलीतून त्यांना एकटीला उठावं लागणार नाही. गोळ्यांची एक पट्टी त्यांच्या पर्समध्ये, एक तुमच्याकडे. मे महिना असेल तर पाणी. त्या हसल्या, नाचल्या तर एकमेकींकडे बघू नका. दोन रात्री झोप झाली नाही असं दिसलं तरच बोला, आणि कोणी बोलायचं ते आत्ताच ठरवा, त्यांना विचारून. ब्लाऊज शिवायला टाकताना त्यांचं माप नव्याने घ्यायला सांगा. ह्या गोळ्यांनी वजन बदलतं, आणि ऐन मांडवात हुक न लागणं फार जिव्हारी लागतं.